फास्ट

लर्विकच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझ्यापाशी
इंग्रजीचे मोजून साठ-सत्तर शब्द होते.
त्यातला हा एक. मासळीच्या कारखान्यात
गिबी मुकादम दिवसभर तोच ओरडायचा
आणि पट्ट्यावरून बांगडे धावायचे
माझ्या सुरीच्या पुढे, कायम पुढे.
फास्ट म्हणजे लवकर.
फास्ट म्हणजे, झिंट्रा, तुझे हात सोडून बाकी सगळं.

म्हणून त्या संध्याकाळी एका बोटीवरून
माझ्या अंगावर दोर आला, मागोमाग हाक,
'मेक हर फास्ट!'
तेव्हा मी दोर उचलला आणि पळत सुटले.
जीव खाऊन.
दोर संपला तिथे हिसका बसला
आणि मी बर्फाच्या पेट्यांवर आडवी.
अख्खा धक्का हसला.
एक म्हातारी हसत हसतच पुढे आली,
माझ्या मुठीतून दोर सोडवून घेतला,
लोखंडी खुंट्याला तीन वेढे, वर एक गाठ.
'याला म्हणतात फास्ट,' म्हणाली,
'आता ही कुठे जात नाही.'

ऑस्ला तिचं नाव. पुढच्या आठवड्यात
तिच्या माडीवरची खोली मी भाड्याने घेतली.

रात्री वडिलांचा कोश काढला, लाटवियाहून आणलेला,
पाठीला चिकटपट्टी लावलेला.
पळणारा.
त्याच्याच खाली: न हलणारा.
ज्याने हे लिहिलं त्याचा हात
मधे जरासुद्धा अडखळला नसेल?
उपवासही होता तिथेच, पण ते नाम.
आणि पगाराआधीच्या त्या दिवसांत
तो अर्थ मला कोशातून शिकायची गरज नव्हती.

ऑस्लाच्या परसात लोकर उकळायची.
दगडफुलाचा तपकिरी, मंजिष्ठेचा लाल.
लड गार पाण्यात पिळून
ते पाणी ती काचेच्या पेल्यात धरायची खिडकीशी.
नितळ निघालं की मान हलवायची: फास्ट.
शेजारच्या मेरॅनबद्दल चर्चच्या दारात
हाच शब्द निघाला, पण ओठ आवळून.
मेरॅन तर तीन वर्षं
एकाच पोराच्या पत्रांची वाट बघत होती.
मी म्हटलं, बरोबरच आहे, धुतलं तरी न जाणारी.
बायका गप्प झाल्या.
ऑस्ला घरी येईपर्यंत खुदखुदत होती.

स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे.
फेरी चुकू नये म्हणून लाउरीने तसं लावलेलं.
लाउरी म्हणजे तिचा नवरा.
बोट खडकात रुतली, फास्ट.
बचावनौका निघाली, फास्ट.
दोन्ही तिने एका दमात सांगितलं, बटाटे सोलताना,
साल कुठेही न तुटता.
डॉक्टरांच्या कागदावर वेळ आहे चार-पाच.

एकदा मी स्टुलावर चढून काटा मागे घ्यायला गेले,
बरं करायच्या हौसेने.
'राहू दे,' ती म्हणाली.
'याच्यात चार-पाच वाजतात ना,
तेव्हा खरे तीन-अठ्ठावन्न असतात.
तो आहे अजून.
काकडतोय, शिव्या घालतोय, पण आहे.'

मी खाली उतरले. स्टूल जागेवर ठेवलं.

आज कारखाना बंद, वाऱ्यामुळे.
ऑस्ला खुर्चीतच झोपली आहे.
गाढ, आणि त्यालाही इथे तोच शब्द.
मांडीवर अर्धा मोजा,
लोकरीचा गुंडा घरंगळून चुलीपाशी.
घड्याळात चार-पाच झाले.
उठवू का?
भांड्यात बटाटे तसेच. बाहेर खुंट्यांवर
दोर करकरतात.
मी उठवलं नाही.
काट्याकडे बघत उभी राहिले
चार-बारापर्यंत.
ज्याला मी कधी पाहिलं नाही
त्याच्यासाठी घरात कुणीतरी
जागं असायला हवं होतं.