निवताना

फागेर्स्टाच्या प्रयोगशाळेत भट्टी क्रमांक चार
अकराशे अंशांवर नऊ दिवस जागी आहे.
इर्याने तिच्या पोटात ठेवलेला पत्रा
अंगठ्याच्या नखाएवढा:
लोखंड, क्रोमियम, थोडं ॲल्युमिनियम,
बाराशे नंबरच्या कागदावर घासलेला, स्पिरिटात धुतलेला,
धरायचा तो चिमट्यानेच.
बोटाचा घामही हिशेब बिघडवतो.

जळतं ते हलकं होतं, हे चुलीने शिकवलं.
हा पत्रा जळतो आणि जड होतो.
हवेतलं घेतो, अंगचं थोडं देतो,
दोन्ही मिळून वर साय धरते,
केसाच्या विसाव्या हिश्शाइतकी.
पहिल्या दिवशी भराभर, मग रेंगाळत;
साय जाडावते तशी
आतल्या धातूची नि बाहेरच्या हवेची गाठ पडणं अवघड.
नऊ दिवसांत पावणेतीन मिलिग्रॅम.
साखरेचे चार-पाच दाणे.

तोर्ब्योर्न, नवा मुलगा, विचारतो,
फुटते कधी? आगीतच ना?
ती मूस बाहेर काढते, विटेवर ठेवते.
"ऐक."
लाल, मग काळपट, मग नुसता राखाडी.
टिक्.
बराच वेळ काही नाही.
टिक्, टिक्,
गॅस बंद केल्यावर कढईत उरलेल्या मोहरीसारखं.
धातू जास्त आकसतो, साय कमी,
आणि इतके दिवस आगीत एकमेकांना धरून तगलेलं
निवताना सुटतं.

पुढच्या ओतीत म्हणून चिमूटभर यिट्रियम,
याच देशातल्या एका बेटावरच्या गावाचं नाव लावणारं.
खपली धरून ठेवतं ते.
कसं, यावर मोठी माणसं अजून भांडतात.

व्हाइनो तेहतीस वर्षं ओतशाळेत होता.
एकदाही आजारी नाही.
पापण्या कितीदा करपल्या, परत आल्या.
निवृत्तीला घड्याळ दिलं, केक कापला.
सोमवारी पहाटे पाचला तो डबा भरून
स्वयंपाकघरात टोपी घालून बसला,
आणि जून सरायच्या आत
बोलायचाच थांबला.

इर्या यातलं काही तोर्ब्योर्नला सांगत नाही.
तो गेल्यावर पुढचा नमुना
ती नियमाप्रमाणे बाहेर काढत नाही.
बटण फिरवते: तासाला साठ अंश,
पहाटेपर्यंत उतरत राहील.
खुर्ची ओढून बसते भट्टीपाशी, कोट न काढता.
वहीत कारणाच्या रकान्यात लिहिते,
घाई नव्हती.