नऊ पूर्णांक शून्य नऊ

हैमाच्या कार्यालयातून तक्ता आला.
आमची शाळा तळाशी, लाल रंगात.
मुख्याध्यापिका रय्या म्हणाली, बैस आधी,
आणि चहाचा पेला माझ्याकडे सरकवला,
कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा.

सातवीत अकरा मुलं.
म्हणजे एक मूल, नऊ पूर्णांक शून्य नऊ टक्के.
मस्कतला एखादं मूल नापास झालं
तर दशांशचिन्हापलीकडे काहीतरी किंचित हलतं.
इथे एकाला ताप आला की
अख्खं लकबी गाव घसरतं.

मार्चच्या चाचणीला तिघं नव्हती.
तफूलच्या आईचे दिवस भरले होते, दवाखाना लांब.
हमूद कुठे होता ते हमूदलाच ठाऊक.
आणि बखीत बापाबरोबर समुद्रात,
कारण शेवंडीचे महिने दोनच,
चाचण्या काय, वर्षभर असतात.

शेवंड. हा शब्द मीच दिला त्याला, देवगडचा.
तो म्हणाला, शारखा.
आम्ही एकमेकांचे उच्चार तपासले,
गुण दिले नाहीत.

एप्रिल सरता सरता तो वर्गात आला,
मनगटांवर काट्यांचे ओरखडे.
गणिताचे सर कैरोला गेलेले, रजा लांबलेली,
म्हणून मीच, इंग्रजीची बाई,
मोडक्या अरबीत दशांश अपूर्णांक मांडत होते.
तो खिडकीबाहेर.

विचारलं, किलोचा भाव काय मिळाला?
पाच रियाल आठशे पन्नास बैसे.
मग सात किलो चारशे ग्रॅमचे किती?
त्रेचाळीस रियाल दोनशे नव्वद, म्हणाला,
खडू माझ्या हातात तसाच.
आणि वर विचारतो,
बर्फाचे वजा करायचे का?

उत्तरपत्रिकेत हाच प्रश्न होता.
आंब्यांच्या पेट्या होत्या त्यात.
त्याने आंब्यांची पेटी पाहिलेली नाही.
मी पाहिल्यात, हजारो;
तरी दहावीला गणितात मला छत्तीस होते,
हे रय्याला अजून सांगितलेलं नाही.

तक्त्यात शेवटी 'कारणे' असा रकाना,
बोटाच्या पेराएवढा.
मी लिहिलं, अनुपस्थिती.
खोडलं. लिहिलं, हंगाम.
मग त्यावरही रेघ ओढली,
कारण हमूदचं काय लिहिणार.

गुरुवारी हैमाहून साहेब येणार आहेत.
रय्या शिपायाला भिंती धुवायला सांगत होती.
मी किनाऱ्याने घरी निघाले.
पिंजरे उलटे करून वाळत टाकलेले.
उगाच मोजले, वाटलं अकरा भरतील.
चौदा होते.