वार बरोबर, सण चुकीचे

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मी भाड्याचा हिशेब बघते.
पेटी आली तो दिवस, गेली तो दिवस,
मधले महिने गुणिले दर.
एवढंच तर आहे, म्हणून स्क्रिप्ट लिहायला बसले.

जानेवारी एकतीस.
मार्च एकतीस.
फेब्रुवारीपाशी गाडी अडली
आणि जर-तरची रांग लागली, दोनशे बारा ओळी.
चारने भाग गेला तर हो, शंभरने गेला तर नाही,
चारशेने गेला तर पुन्हा हो.
सोयरीक जुळवताना निघतात तशा अटी.

तरीही सावळजच्या झांबऱ्यांच्या चाळीस पेट्या
मागल्या लीप सालात एकोणतीस फेब्रुवारीला आत आल्या
आणि माझ्या हिशेबातून बाहेरच पडेनात.
भाडं वाढत वाढत
द्राक्षबागेच्या किमतीला गेलं.
झांबरे हसले. मालक हसले नाहीत.

आप्पा लेंगरे, चाळीस वर्षं याच वखारीत,
मूठ वळून माझ्यापुढं धरतात:
"उंचवटा एकतीस, खळगा तीस.
फेब्रुवारीचं तेवढं तोंडपाठ.
आमच्या मास्तरनं दिलं, त्यास्नी कुणी दिलं कुणाला ठावं.
आगं, मूठ काय परत परत नवी करायची असती व्हय?"

त्या रात्री शोधलं, आणि मिळालं.
कुणीतरी आधीच लिहून ठेवला होता
कॅलेंडरचा क्लास.
शिकवणीचा नव्हे, तो फी घेतो.
हा नुसता साचा: हाक मारा, वर्ष सांगा,
तो महिने वाढून देतो.
लीप वर्ष त्याच्या पोटात कुठं दडलंय
बघायलाही लागत नाही.
लिहिणाऱ्यानं वर एक ओळ सोडलेली:
माझ्यापुरतं केलं होतं, चालत असेल तर घ्या.
नाव नाही, गाव नाही.
विहिरीवर पोहरा ठेवून गेल्यासारखं.

दोनशे बारा ओळी पुसताना
हात रेंगाळला, खोटं कशाला बोलू.
तीन रात्री, एक करपलेली आमटी
आणि फेब्रुवारीशी झालेली माझी ओळख
एका बटणात गेली.
उरल्या चार ओळी.
झांबऱ्यांच्या पेट्या मुकाट बाहेर पडल्या.

पण अमावस्या त्याला माहीत नव्हती.
अमावस्येला आमच्याकडं पेटी हलत नाही,
आणि त्या दिवसाचं भाडं धरायचं की सोडायचं
यावर मालकांच्या तीन पिढ्या भांडल्यात.
ते मात्र मलाच लिहावं लागलं,
परक्या साच्याला माझं ठिगळ,
अकरा ओळी.

छापलेला हिशेब दाखवायला आप्पांच्या घरी गेले.
भिंतीवर दोन हजार पंधराचं कॅलेंडर.
"जुनं काढायचं राहिलंय," मी म्हटलं.
"जुनं न्हाई, औंदाचंच हाय त्ये.
ताडून बघ, सव्वीसचा वार न् वार पंधराचाच."
बघितलं. गुरुवारी सुरू, गुरुवारीच संपत होतं.
"सण तेवढं चुकत्यात. गणपती तीन दिस अलीकडं धरायचा.
अधिक तवा आषाढ हुता, औंदा ज्येष्ठ.
त्ये मी पेन्सिलीनं करतो."

पेन्सिलीखाली निळ्या शाईत
दुसरं अक्षर होतं, तिरकं, घाईतलं.
तेरा मार्च: गॅस लावला.
दोन जून: दूध नाही.
नऊ ऑक्टोबर: ह्यांचा चष्मा.
नोव्हेंबरपासून पुढं काही नाही.

मी उगीच मूठ वळली, पदराआड,
मोजत नोव्हेंबरवर बोट नेलं.
खळगा.

"ह्ये परत कवा येतंय गं?
तुझ्या मशिनीला इचार की."
मोबाईलवरच विचारलं, साचा बोलवला,
वर्षं एकेक पुढं सरकवली.
"सदतीस साली, आप्पा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग उठून
अंगठ्यानं खिळा दाबून बघितला,
भिंतीत घट्ट आहे का.