पेन्सिल हील

पूर ओसरला तेव्हा जुनी फरशी
ठिकठिकाणी फुगून वर आली होती.
दोन वर्षं तशीच डुगडुगत वापरली.
मग ह्यांनी मिरजेहून गुंडाळी आणली,
लाकडासारखी दिसणारी, चिकटवायची.
खोटं लाकूड, पण गाठीसुद्धा छापलेल्या.
आठवडाभर मी तिच्यावर
भरलेली घागरसुद्धा टेकवली नाही.

आणि शिवलीलानं खोका उघडला.
काळे, चकचकीत, चार इंच.
पुण्याच्या हॉटेलात रिसेप्शनची जागा,
मुलाखतीला चालून दाखवावं लागतं म्हणे.
"घरात पायताण?" मी म्हटलं.
"आई, ह्या बुटांनी अजून रस्ता बघितला नाही."
ह्यावर काय बोलायचं?
देव्हाऱ्याचा पडदा तेवढा मी ओढून घेतला.

दारापासून कपाटापर्यंत नऊ पावलं.
परत येताना अकरा,
वळल्यावर तिला भीती वाटायची.
संध्याकाळचा उजेड तिरका आत आला, तेव्हा दिसलं:
मसुरीच्या दाण्याएवढे खळगे, ओळीनं,
कुणी लाकडात पेरणी करून गेल्यागत.
हे आले. उकिडवे बसून बोट फिरवलं.
"फरशी हाय का चाळण?"
एवढंच. पण दुसरी भाकरी मागितली नाही.

सतरंजी घातली, टाच विणीत अडकली.
गोधडी घातली, पोर उंटासारखी चालायला लागली.
टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा
एका दुपारीत भोकाभोकांचा झाला.
स्टँडमागच्या पोपटकाकांनी बूट उलटा धरला:
"ही टाच न्हवं बाळ, दाभण हाय."
टायरचा तुकडा कातरून, नखाएवढा,
दोन्ही टोकांना बसवून दिला, वीस रुपये.
"पेन्सिलीच्या बुडाला खोडरबर असतो बघ, तसं."
आवाज गेला. नवे खळगे थांबल्यासारखे वाटले.
आधीचं लिहिलेलं मात्र खोडलं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी हे मार्केट यार्डातून
पाच रिकामी पोती घेऊन आले.
कुणाशी न बोलता उसवली, पसरली,
दुहेरी घालून शिवली.
पोती शिवणं त्यांच्या हातचा मळ.
दारापासून कपाटापर्यंत एक पिवळट वाट.
हळद कितीही झटका, पोतं तिला सोडत नाही,
काळे बूट घोट्यापर्यंत पिवळे.
शेजारच्या गंगूबाई दारातून म्हणाल्या,
"लागली की गं हळद तुझ्या पोरीला!"
"बुटांना लागलीय," शिवलीला म्हणाली,
आणि न अडखळता वळली. पहिल्यांदाच.

शुक्रवारी ती फोटो काढायला गेली.
बूट पोत्याच्या कडेला, एकमेकांना टेकून.
माझे पाय रुंद, टाचांना भेगा.
बोटं आवळून घातले तरी बसले.
भिंत धरून उभी राहिले.
चार इंचांवरून घर काही वेगळंच.
मीटरच्या पेटीवर गांधीलमाशीचं वाळकं घर,
फळीवर, मीच कधीतरी ठेवून विसरलेली
नेलकटरची डबी.
कुणाला सांगू नका, जरा हसूही आलं.
तेवढ्यात दूध वर आलं
आणि मी पोतं सोडून तशीच धावले.

गॅस बंद केला. खाली बघितलं.
डाव्या टाचेचं रबर निघून पोत्यातच राहिलेलं,
आणि ओट्यासमोर, एकुलता एक,
सगळ्यांत खोल.
माझं वजन काही तिच्याएवढं नाही.

रात्री पाणी प्यायला आली, तिचा पाय तिथं थबकला.
अंगठ्यानं चाचपलं.
माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.
"रबर पडलंय एक," म्हणाली,
"उद्या काकांकडून बसवून आणते."

आता ती पुण्यात. पोती यार्डात परत गेली.
हे कधीतरी पाहुण्यांना दारापासूनचे खळगे दाखवतात,
"लेकीची मेहनत," म्हणतात, आवाज वाढवून.
ओट्यासमोर मी पायपुसणं टाकून ठेवलंय.
त्यांना वाटतं, फरशी ओली होऊ नये म्हणून.