आरशाचा फोटो

सोफा गेला. पलंग गेला, गादीसकट.
मिक्सर नेला इफेओमा नावाच्या पोरीने;
साडेबारा पौंडांचे अकरा केले
आणि वर चटणीच्या भांड्याचं झाकण मागून घेतलं.
बरं वाटलं. कुणीतरी नीट घासाघीस केली.
बाकीचे नुसतं विचारतात, ‘अजून आहे का?’
मी लिहिते, ‘आहे.’
मग तेच नसतात.

उरला आरसा.
उभा, बरोबर माझ्याएवढा,
खालच्या कोपऱ्यात पारा उडालेला, रुपयाएवढा.
फोटो काढायला गेले
तर त्यात मी.
केस वर बांधलेले, पायजम्याची नाडी लोंबतेय,
मागे हीटरवर वाळत घातलेले मोजे,
तोंडाच्या जागी फोन.

बाजूने काढला, तर छताची ओल आली,
घरमालकाला दाखवू नये अशी.
खाली बसून काढला, तर खिडकीतली टे नदी,
तिच्यावरचा पूल, आणि कठड्यावर एक सीगल,
जणू तोही विक्रीला काढलाय.
दिवा मालवून काढला: काळा चौकोन.
शेवटी अंगावर चादर ओढून काढला.
एक भूत आणि त्याचा एक हात.

मग पहिलाच टाकला.
‘आरसा. उंची पाच फूट दोन इंच. कोपऱ्यात डाग. वीस पौंड.
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
चित्रातली बाई किमतीत धरलेली नाही.’
क्रेग नावाच्या इसमाने विचारलं, बाईचे वेगळे किती?
त्याला ब्लॉक केलं.

एडिनबराहून निरंजनचा निरोप आला:
पंधराला देऊन टाक, आपल्याला कुठे पैसे पडले होते.

खरंच, नव्हते पडले.
पर्थ रोडवर कुणी तरी घराबाहेर टेकवून ठेवला होता,
‘न्या’ अशी चिठ्ठी लावून.
आम्ही तो आडवा धरला, तोंड वर करून,
तो पुढे, मी मागे,
मधोमध डंडीचं सगळं आभाळ हिंदकळत होतं.
सांडू नये म्हणून हळू चाललो.
वळणावर तो म्हणाला, तुझ्या बाजूला कलतंय.
त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आरसे भिंतीतच बसवलेत म्हणे.

अक्काचा फोन: तिन्हीसांजेला घरातलं काही बाहेर देऊ नकोस हो.
अक्का, इथे डिसेंबरात तिन्हीसांज
साडेतीनलाच होते. माणसं कामावरून सुटतात पाचला.
संगमनेरच्या घड्याळाने बघायचं
तर दिवे लागून केव्हाच झालेत, लोक झोपलेत.
त्या हिशोबाने चालतं का, विचारून घे कुणाला तरी.

सहाला इशबेल आली. गॅसची कामं करते,
व्हॅनवर शिडी, बुटांना सिमेंट.
आरशात स्वतःकडे बघितलंसुद्धा नाही तिने,
पाठीमागून खिळे तपासले, चौकटीवर बोट वाजवलं.
म्हणाली, माझ्या जिन्यात उजेड येत नाही.
खिडकीसमोर लावला की दुसरी खिडकी होईल.
वीसची नोट दिली, घडी न घातलेली.
मी पाच परत करायला गेले,
तिने हात हलवला, तेवढ्यात कुत्र्याच्या घोंगडीत
आरसा गुंडाळलासुद्धा.
तीन मजले एकटीने उतरवला. मी फक्त
प्रत्येक वळणावर म्हणत राहिले, सांभाळून,
जे तिला कळत नव्हतं,
कारण मी ते मराठीत म्हणत होते.

जाहिरात काढायची राहिली.
रात्री बाराला कुणीतरी विचारलं, ‘अजून आहे का?’
उघडून बघितलं.
मोजे वाळत होते.
बाई फोन धरून उभी होती.
‘आरसा नाही,’ मी लिहिलं.

आणि उद्यासाठी इस्त्रीचा फोटो काढून ठेवला.
तिच्या बुडात
अगदी पुसट येते मी. चालेल.