एम शून्य

रिपोर्टवर आबांचं नाव इंग्रजीत, एक अक्षर चुकलेलं.
सुपडू तोताराम भारंबे, वय चौसष्ट, मुक्काम निंभोरा.
आधीची दोन भावंडं जगली नाहीत
म्हणून आजीनं याला सुपात घालून
शेजारणीकडून विकत घेतला, पायलीभर ज्वारीला.
तेवढाच उपचार माहीत होता तेव्हा.

आता जळगावात, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर बाविस्कर पाठकोऱ्या कागदावर नळी काढतात,
मोठ्या आतड्याची, आणि तिच्या भिंतीचे थर.
आबा पेन मागून घेतात.
"म्हंजे केळीचं सोपट. एकावर एक."
"हो," त्या म्हणतात, "तसंच.
गाठ सगळ्यात आतल्या सोपटात उगवली,
स्नायूचं सोपट फोडून बाहेर निघाली. टी तीन."

चाळीस वर्षं आबा केळी कटाईचे मुकादम.
घडावर हात फिरवून सांगायचे,
कडा अजून टोकदार आहेत, दिल्लीला चालेल;
गोलावल्या, हा भुसावळच्या पुढं टिकायचा नाही.
त्यांनी विचारलं,
"गाडी गेली का कुठं? लांबच्या मार्केटले?"

डॉक्टर थांबल्या. मला वाटलं, कळलं नाही त्यांना.
मग म्हणाल्या, "काढलेल्या चौदा लसीकाग्रंथी तपासल्या.
दोनांत सापडली. म्हणजे गाडी फाट्यापर्यंत आली होती.
पण यकृत साफ, फुप्फुसं साफ.
हायवेला लागलेली दिसत नाही. एम शून्य."

आख्ख्या फायलीत तेवढं एक शून्य.
येताना बसमध्ये मी ते बोटानं झाकून धरलं,
सांडेल म्हणून.

घरी द्वारकाआत्या: "स्टेज तीन? चारातली तिसरी?
म्हंजे पाऊण गेलं की वं माय."
मी सांगत बसले, हा अपूर्णांक नाही आत्या,
कुठवर पसरलंय तेवढंच सांगतो आकडा,
किती उरलंय ते नाही.
आत्या मान हलवत डोळे पुसत होती.
"पाऊण भरल्यावरच कापतात घड," आबा आतून म्हणाले,
"मंग जातो तो दिल्लीले."

पिशवीबद्दल कुणी बोललं नव्हतं.
म्हणजे बोलले होते, मी ऐकलं नव्हतं.
पोटावर डाव्या अंगाला
लाल, ओलं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं.
कोमट पाणी. टिपून कोरडं करायचं.
मापाच्या कागदानं मोजून चकतीला भोक पाडायचं.
लाल असेल तर ठीक, काळपट दिसलं तर लगेच फोन.
पहिल्या दिवशी कात्री माझ्या हातात थरथरली.
वासानं मी तोंड फिरवलं, आणि आबांनी ते पाहिलं.
मग पंख्याकडं बघत म्हणाले,
"देठाले चिकटून कापू नको. जरा जागा ठेव."

सलाईन बारा वेळा, दर पंधरवड्याला.
औषधाचं नाव त्यांना येत नाही, थंडीचं सलाईन म्हणतात.
ते चढलं की पाच-सहा दिवस
गार पाणी घशात काचेसारखं रुततं,
स्टीलच्या तांब्याला हात लागला तरी बोटांत मुंग्या.
आणि मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या वर,
बागांच्या कडेला झळ अडवायला हिरव्या जाळ्या.
ओट्यावर ओल्या फडक्यातला माठ,
आणि मी बापाला कोमट पाणी देते.

खाण्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या,
तिखट कमी, कळण्याची भाकरी सध्या नको,
केळ चालेल, चांगलं पिकलेलं.
आबा हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा.
"जिंदगीभर कच्चीच कापली."

आज सातवा दिवस, चौथ्या सलाईननंतरचा.
अजून आठ बाकी आहेत, मी मोजत नाही असं म्हणते.
माठातून अर्धा पेला भरला, आधी त्यांच्या हाताला लावला.
मुंग्या? नाही.
घोट घेतला. घशाकडं लक्ष देऊन
दोघंही गप्प.
दुसरा घोट.

"झाक वं तो माठ," म्हणाले,
"धूळ पडते."