खुर्ची क्रमांक अठरा

गार्बिन्ये दोन कार्डं घेऊन येते.
आपलं लावते, आत शिरते,
मग कठड्यावरून हात मागं नेऊन
सिगोरचं लावते.
हिरवा दिवा. फाटक एक वळसा घेतं
कुणालाच आत न घेता.

तीन सामने कार्ड वाजलं नाही
तर खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाची.
तसं पत्र आलं होतं, छापील,
सिगोरच्याच नावानं, फेब्रुवारीत.

जुन्या मैदानात लाकडी बाकं होती,
चिरूटाचा धूर,
आणि खांबाआड गेलेलं अर्धं मैदान.
त्या अर्ध्यातले गोल सिगोर मान लांबवून सांगायचा,
बरेचसे बनवून.
इथं खांबच नाहीत. कुठूनही सगळं दिसतं.
खुर्ची मात्र स्प्रिंगची,
वजन नसलं की आपणच मिटते.
म्हणून तिच्यावर ती ओली छत्री ठेवते
आणि मध्यंतराला
चांदीच्या कागदातला ऑम्लेट-पाव.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला सगळं स्टेडियम उठलं.
तीही उठली. छत्री घरंगळली,
खुर्ची खाडकन मिटली,
आणि एवढ्या गदारोळात
तिला तेवढंच ऐकू आलं.

गोल कुणी मारला, तिनं पाहिलं नाही.
बिल्बाओच्या शेवटच्या ट्राममध्ये
शेजारच्या पोराला ती सांगत होती :
डाव्या पायानं.
खांबाच्या पलीकडून.